सीडीचं वाण

"शैला, वाण द्यावं आणि विसरून जावं. दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं, हे देणारणीनं विचारायचं नसतं."

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी मला हे सांगितलं होतं, तेही हातात वाणाची चाळणी धरून. त्यांचा आवाज असा, की त्या स्वयंपाकघरात बोलल्या तरी जिन्यातला माणूस दचकून थांबायचा. माझं बोलणं जवळच्या माणसालाही दोनदा विचारावं लागतं. त्यांचं सगळं मी ऐकलं. हे एवढं एकच ऐकलं नाही, त्याची ही हकीकत.

आधी माझ्या नेमांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोमवारी एकभुक्त, चतुर्थीला उपास, रोज एक स्तोत्र आणि एक माळ जप. आणि गुरुवारी खोटं बोलायचं नाही. बाकीचे दिवस मी खोटं बोलत सुटते असा अर्थ कुणी काढू नये. पण बाकीच्या दिवशी शेजारणीनं "कशी झालीय हो बर्फी?" असं विचारलं, तर थोडी सवड असते. आमचे हे, म्हणजे प्रमोद, विमा कंपनीत आहेत. त्यांनी लग्नानंतर लगेच ओळखलं, की आपल्या साहेबांना गुरुवारी घरी जेवायला बोलावण्यात अर्थ नाही.

तर दोन हजार साल उलटून गेलं होतं. आमच्या हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या बिल्डिंगमध्ये पूर्वी मिक्सर जसे आले, मग रंगीत टीव्ही जसे आले, तसे घरोघरी कंप्यूटर आले होते. आमच्याही घरी आला. मी त्याला क्रोशाचं झाकण विणलं, दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं आणि महिला मंडळासाठी त्यावर स्तोत्रं टाइप करायला लागले. सगळं कसं मंगल चाललं होतं.

तिसऱ्या मजल्यावरचा मंदार हा पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा उपास असला, की त्याला साबुदाण्याच्या खिचडीचा वास बरोबर येतो. अशाच एका चतुर्थीला तो खिचडी खाता खाता म्हणाला, "काकू, तुमच्या मशीनमधलं सगळं चोरीचं आहे, माहितीये ना?"

"चोरीचं? बिल आहे आमच्याकडे!"

"ते डब्याचं बिल. आतल्या सॉफ्टवेअरचं नाही. दुकानदारानं ते असंच कॉपी करून घातलंय. सगळ्यांच्याच मशीनमध्ये घालतात."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. इतके महिने मी चोरीच्या मालावर स्तोत्रं टाइप करत होते! मी पळीपंचपात्रातलं गंगेचं पाणी आणायला उठले, तेव्हा हे पेपर टाकून ओरडले, "अगं, शॉर्ट होईल!"

मग मंदारनं सांगितलं, की दुसऱ्या प्रकारचं सॉफ्टवेअर असतं. जगभरची माणसं मिळून ते तयार करतात. ते कुणीही घ्यावं, कुणीही कॉपी करावं, कुणालाही द्यावं, आणि त्यात चोरी नाही.

"म्हणजे जितकं वाटू तितकं चांगलंच?"

"हो काकू. तीच तर आयडिया आहे."

आता मला सांगा, संक्रांत दोन आठवड्यांवर आलेली आणि वाण काय लुटायचं हे ठरत नव्हतं. गेल्या वर्षी मी बेगम बाजारातून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, तर त्याच वाट्या आधी दोघींनी दिलेल्या निघाल्या. यंदा माझं वाण वेगळंच असणार होतं. मंदारनं ढीगभर सीड्या करून दिल्या, मी प्रत्येकीच्या कागदी पाकिटावर कुंकवाचं बोट लावलं आणि तिळगुळाबरोबर एकेक ओटीत घातली.

"अय्या, पिक्चर कुठला आहे?" केतकीनं विचारलं. समोरच्या तेलुगू नागमणीगारूंना वाटलं भक्तिगीतं आहेत. त्यांनी सीडी कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी माधवी आली. माधवी यांच्याच ऑफिसात आहे. जिभेची धारदार, मनाची मऊ. तिच्या घरी बुद्धवंदना असते, माझे उपास तिला गमतीचे वाटतात, आणि तरी आमचं मेतकूट जमलेलं आहे. दारातूनच म्हणाली, "वहिनी, तुमचं हळदीकुंकू तुम्हाला लखलाभ. सीडी तेवढी द्या. माझ्या नवऱ्यानं, नागसेननं, सिकंदराबादला रेल्वेच्या लिलावातून एक जुनं मशीन उचललंय, आत काहीच नाही." मी तिला सीडी दिली आणि मंदारला तिच्या घरी बसवून द्यायला पाठवलं.

इथे मी वाण देऊन विसरून गेले असते, तर गोष्ट संपली असती.

पण मंदारचा एक गट होता. आबिड्सला एका सभागृहात ही मुलं दर महिन्याला जमून या सॉफ्टवेअरचा प्रसार करायची. तिथे मंदारनं उत्साहात सांगून टाकलं, की आमच्या बिल्डिंगमध्ये आता जवळजवळ घरटी हे सॉफ्टवेअर आहे आणि ही क्रांती एका गृहिणीनं केली आहे. ही बातमी फिरत फिरत केशवरावांपर्यंत पोचली.

केशवराव म्हणजे बेगम बाजारातले भांड्यांचे घाऊक व्यापारी. बायकोच्या नावानं त्यांनी छोटा ट्रस्ट काढलेला. माधवी तिच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये दहावी झालेल्या मुलींचा संध्याकाळचा वर्ग घेते. त्या मुलींना कंप्यूटर शिकायचा होता, आणि केशवराव मशिनं द्यायला तयार होते. विकतचं सॉफ्टवेअर सगळ्या मशिनांवर घालणं परवडण्यातलं नव्हतं, आणि चोरीचं ट्रस्टच्या नावाखाली चालणार नव्हतं. उरलं आमचं.

"पण पोरी जे शिकतील, ते बाहेर कुणी वापरतं का?" त्यांनी मला आणि माधवीला दुकानात बसवून विचारलं. मागे पातेल्यांच्या उतरंडी. "बाई, गोडाऊनमधून माल गेला म्हणजे खपला असं नसतं. किरकोळवाल्याच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहतो. इंजिनिअर लोकांचं मला सांगू नका. साध्या घरांत वापरतात का? वापरत असतील तर मशिनं दिली. नसतील तर पोरींचं वर्ष मी फुकट घालवणार नाही. शिवणयंत्रं देईन."

माधवीचा चेहरा उतरला. शिवणयंत्रं विहारात आधीच होती, आणि मुली त्यांच्याकडे पाठ करून बसायच्या.

"तुम्ही त्या मुलांच्या सभेत येऊन सांगा," केशवराव मला म्हणाले. "तुम्ही वाटलंय, तुम्हीच सांगा."

"कधी आहे सभा?"

"येत्या गुरुवारी."

घरी हे सांगितलं तेव्हा यांना हसताना चहाचा ठसका लागला.

तेव्हा विचारायला निघणं भागच होतं. मी जपमाळ घेतली. ज्या घरी वापरतात त्या घराचा एक मणी पुढे सरकवायचा, असा हिशेब. पण तो सुरू होण्याआधीच बिल्डिंगचे सेक्रेटरी रेड्डीगारू जिन्यात आडवे आले. आवारात कसलीही पाहणी करायची तर लेखी अर्ज लागतो म्हणाले, टाइप केलेला. मी आमच्या नव्या, निष्पाप सॉफ्टवेअरवर सुंदर अर्ज टाइप केला. प्रिंटरनं त्याला ओळखच दिली नाही. मग फ्लॉपी घेऊन कोपऱ्यावरच्या नेट सेंटरमध्ये गेले. तिथे माझा अर्ज उघडला, तर ओळीमागून ओळी नुसते चौकोन.

"अम्मा, ये क्या लिक्के लाए?" काउंटरवरचा माणूस म्हणाला. "हमारे पास ये नक्को. वो दूसरेवाले में बनाके लाओ."

शेवटी मी अर्ज हातानं लिहिला. रेड्डीगारूंनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "हे आधीच केलं असतं तरी चाललं असतं."

तोपर्यंत बिल्डिंगभर कुजबूज पसरली होती, की चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी धाड येणार आहे आणि आधी पाहणी करायला शैलाबाईंना पाठवलंय. माझ्या इतक्या वर्षांच्या सात्त्विक चेहऱ्याचं हे फळ. पहिल्या मजल्यावरच्या आबासाहेबांनी कंप्यूटरवर अख्खी चादर टाकली होती.

"आबासाहेब, कंप्यूटरवर मी दिलेली सीडी..."

"कंप्यूटर कुठे? टीव्ही आहे तो."

"आणि पुढे हे बटणांचं?"

"रिमोट," आबासाहेब डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. "मोठा घेतला. डोळ्यांना बरा पडतो."

नागमणीगारूंकडे मात्र माझं भलतंच स्वागत झालं. त्या हाताला धरून मला गॅलरीत घेऊन गेल्या. तिथे माझी सीडी दोऱ्याला टांगलेली, वाऱ्यावर गिरक्या घेत होती आणि तिचे लखलखाट भिंतीवर नाचत होते. "चाला बागुंदी, शैलागारू! ओक्क पावुरम कूडा रादु!" म्हणजे फारच छान आहे, एकसुद्धा कबुतर येत नाही. त्यांनी आणखी दोन मागितल्या, नणंदेकडेही कबुतरं फार आहेत म्हणून.

केतकी खरी गुणी. तिनं ते बसवलं होतं. मी मणी चिमटीत धरला.

"काकू, इतकं छान आहे ना! फक्त फोनवरून नेट लागत नाही, प्रिंट निघत नाही आणि बंटीची गाड्यांची गेम चालत नाही. बाकी सगळं चालतं."

"बाकी काय काय?"

तिनं विचार केला. "घड्याळ," म्हणाली. आणि मग हळूच, "काढून टाकलं हो आम्ही."

मी मणी सोडला.

मंदारच्या स्वतःच्या घरी तरी आशा होती. त्याची बायको रसिका मुंबईची, मोकळी. तिनं मला आत ओढून दार लावलं. "काकू, तो दिवसभर ऑफिसात असतो. घरचं मशीन मी वापरते. मला आपलं जुनंच बरं पडतं. तो येण्याच्या आत मी पुन्हा त्याचं लावून ठेवते. सांगणार नाही ना त्याला?" मी वचन दिलं. तो मंगळवार होता, पण माझी वचनं सगळ्या वारांना लागू असतात.

बुधवारी तळमजल्यावर रथसप्तमीचं हळदीकुंकू झालं. मला वाण मिळालं. पातळ, चौकोनी, कागदी पाकीट, त्यावर माझ्याच बोटाचं कुंकू. देणारणीला ते कळलं नाही, कारण तिला ते तिच्या जावेकडून आलं होतं. सासूबाई का म्हणायच्या की विचारू नये, ते मला हातात पाकीट घेऊन उभ्या उभ्या समजलं.

घरी येऊन मी कंप्यूटर लावला. निदान आपलं घर तरी आहे, मनात म्हटलं. एरवी मी शुद्ध होऊन येईपर्यंत यांनी मशीन लावून ठेवलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीची पाटी मी कधी पाहिलीच नव्हती. ती मला विचारत होती, की कुठलं उघडू, हे का ते?

"अहो, ही दोन दोन कशाला?"

हे पेपरमागून म्हणाले, "अगं, एक सोवळ्यातलं आणि एक ओवळ्यातलं. तुझं तू वापर. मला शेअरचे भाव बघायचे असतात, ते तुझ्यात उघडत नाहीत."

म्हणजे आमचं घरसुद्धा अर्धंच. मी माळ देवापुढे ठेवली. एकही मणी हललेला नव्हता.

माधवीला मी हे सांगितलं. तिच्या घरचं विचारायचं धाडस होत नव्हतं, तरी विचारलं. "आमच्याकडे?" ती थकून म्हणाली. "मी ऑफिसात दिवसभर तेच बडवते, घरी कोण हात लावतंय? नागसेन बातम्या बघतो आणि झोपतो. वहिनी, उद्या काहीतरी जमवून सांगा ना. 'बऱ्याच घरांत आहे' म्हणा. आहेच की! दोऱ्याला टांगलेलं असलं म्हणून काय झालं?"

"माधवी, उद्या गुरुवार."

"तुमचे ते वार!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते रागानं पुसलं. "पोरींनी आपसात बाकंसुद्धा वाटून घेतलीत, कोण कुठल्या मशीनवर बसणार म्हणून."

गुरुवारी सकाळी देवापुढे मी जरा जास्त वेळ बसले. काही सुचलं नाही. देवाला या विषयातलं कळत असावं, पण तो बोलला नाही.

सभागृहात मुलं गच्च भरली होती, मागे माधवी आणि आमचे हे. मंदारनं माझी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या. मी बोलायला लागले तर मागून "आवाज! आवाज!" माइक सरकवला, तरी "आवाज!" शेवटी माइकवाल्यानं तो माझ्या ओठांना टेकवला आणि माझा आयुष्यातला पहिला मोठा आवाज आबिड्सभर घुमला. "कबुतरांना फार उपयोग होतो."

मग मी सगळं सांगितलं. रसिकाचं नाव वगळून, कारण गप्प राहणं म्हणजे खोटं नव्हे. टांगलेली सीडी, आबासाहेबांचा रिमोट, केतकीचं घड्याळ, परत आलेलं वाण. मुलं आधी हसली, मग कमी हसली, मग खुर्चीत खाली सरकली. मंदार बुटाच्या नाडीकडे बघत होता.

"म्हणजे खरं वापरणारं कोण?" पहिल्या रांगेतून केशवरावांनी विचारलं.

"मी. आणि तेही नेम आहे म्हणून."

"एक," केशवराव म्हणाले, आणि टोपी नीट करून उठले.

बाहेर ते म्हणाले, "बसा गाडीत, सोडतो." रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं. पुढे हे बसले, मागे माधवी आणि मी. वस्तीपाशी आल्यावर माधवी रीत म्हणून म्हणाली, "चहा घेऊन जा सगळे," आणि केशवराव रीत म्हणून उतरले.

घरात शिरलो, तर माधवीच्या सासूबाई, भागूबाई, आमच्याकडे पाठ करून कंप्यूटरपुढे मांडी घालून बसलेल्या. बाजूला शेजारच्या दोघी पोत्यावर. कुणी उठलं नाही.

"आई, पाहुणे आलेत," माधवी म्हणाली.

"बसू दे. डाव लागायलाय." भागूबाईंनी मान न वळवता सांगितलं. पडद्यावर पत्ते मांडलेले होते. "बदामाची राणी निघाली की झालं. ही शांता मघापासून म्हणायलीय, हटकून निघत नाही. तिचं तोंड तसलंच."

"तुझंच तोंड तसलं," शांताबाई म्हणाल्या. "आता माझी पाळी हाय."

केशवराव हळूहळू पुढे झाले. पडद्यावर कोपऱ्यात तेच चिन्ह होतं, जे माझ्या मशीनवर असतं, सोवळ्यातल्यावर.

मी माधवीकडे पाहिलं. "तू म्हणालीस, कुणी वापरत नाही!"

"अहो वहिनी, ते काय वापरणं आहे का?" माधवी गोंधळून म्हणाली. "आई पत्ते खेळतात नुसत्या. दुपारी चार-पाच जणी जमतात, पाळी लावून..." आणि ती मध्येच थांबली.

"आजी, हे सुरू कसं करता?" केशवरावांनी विचारलं.

"हे बटण दाबते. मग चहा ठेवते. चहा होतो तवर हे होतं."

"अडत नाही कुठं? वेगळं वाटत नाही?"

"कशापरीस वेगळं?" भागूबाईंनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. "म्या दुसरं कुठलं बघितलंय?"

"आणि बंद पडलं तर?"

"पडत नाही. लाईट जाते तेवढी. त्याला ह्यो काय करणार?" मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुम्ही मोठे दिसता. सांगा, ही चौकट इथं लावू का तिथं?"

केशवरावांनी सांगितलं तिथे लावली आणि डाव फसला. भागूबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की बेगम बाजारात त्यांच्याकडे कुणी तसं पाहिलं नसेल. चहा आला, निवला. केशवराव शांताबाईंच्या मागे नंबर लावून पोत्यावर बसले होते.

"चूक माझी झाली," बशीत चहा ओतत ते मला म्हणाले. "ज्यांच्या घरी आधीच भरलेलं दुकान आहे, तिथं तुम्हाला विचारायला पाठवलं. नव्या मालाचं गिऱ्हाईक असं असतं." मग माधवीकडे वळले. "मशिनं घेऊन जा. पण रोजच्या कटकटींना माणूस कोण? ही मंदार मंडळी अमेरिकेला जातात. बाईंना शिकवता येईल, पण तो प्रिंटर कोण चालवणार?"

खरंच होतं. मी मान खाली घातली.

"मंगळवारी मी येत जाईन," कुणीतरी म्हणालं.

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. आमचे हे. चपला घालायला दारात वाकलेले होते आणि तसेच वाकून बोलले होते. "प्रिंटर चालत नाही असं नाहीये. मी कधी मनावर घेतलं नाही."

"प्रमोदसर?" माधवी म्हणाली. "तुम्ही? ऑफिसात पंखा लागला नाही तर अर्ज करता तुम्ही!"

"हाव, येऊ द्या की," भागूबाई म्हणाल्या. "येता येता पान आणा म्हणावं."

घरी परतताना मी यांना काही विचारलं नाही. सासूबाईंनी सांगितलेलं एवढ्यात पुन्हा मोडायचं नव्हतं.

मशिनं शनिवारी विहारात लागली. मंगळवारी भारताची मॅच होती. संध्याकाळी बिल्डिंगभर टीव्हीचा आवाज चढलेला. आबासाहेबांच्या घरून तर इतका, की त्यांच्याकडे खराखुरा टीव्हीही आहे याची मला खात्री पटली. मी देवघरात माळ घेऊन बसले होते. हे ऑफिसातून आले. एरवी आल्या आल्या रिमोट शोधणारा माणूस, आज त्यांनी चहा ओट्यापाशी उभ्यानंच घेतला. मंदारनं दिलेलं जाडजूड पुस्तक त्यांनी रुमालात गुंडाळलं, प्रिंटरची वायर खिशात कोंबली.

जिन्यातून एकदम ओरडा उठला. कुणाची तरी विकेट पडली होती. हे क्षणभर दारात थांबले, जिन्याकडे कान दिला.

माझं लक्ष नाही असं यांना वाटावं म्हणून मी डोळे मिटले आणि मोठ्यानं, म्हणजे माझ्या मानानं मोठ्यानं, जप सुरू केला.

दाराची कडी अगदी आवाज न करता लागली. खाली स्कूटर नेहमीसारखी आवारात सुरू झाली नाही. ती फाटकापर्यंत ढकलत नेल्याचा चाकांचा आवाज तेवढा आला, आणि मग रस्त्यावर पान-दुकानाच्या बाजूनं किक मारल्याचा.